रिकामी खाच

"हे पिस्तूल नुसतं पडलं तर उडतं का, एवढंच सांग उस्ताद." मलिकनं पिस्तूल खायस्ता मीरच्या पुढ्यात ठेवलं.

म्हाताऱ्यानं एका नजरेत ओळखलं. दऱ्याच्या बंदूकबाजारात असं काम एकाच दुकानात व्हायचं.

"माझ्या हातचं आहे. चाप ओढल्याशिवाय उडायचं नाही. ते काय तुझं खेचर आहे, धक्का लागला की लाथ मारायला?"

मलिक हसला नाही. त्याच्या मागं लालबाज उभा होता. चारच दिवस झाले, त्याचा लेक ह्याच पिस्तुलाच्या गोळीनं गेला. पिस्तूल होतं लालबाजच्याच पुतण्याच्या कमरेला. तो कुराणावर हात ठेवून सांगत होता, कमरेचं सुटलं, दगडावर आपटलं आणि बार झाला. जिरग्याच्या पंचांनी ठरवलं, उस्ताद सांगेल ते खरं. पडून उडत नसेल तर तो खून. मग पुतण्याचा जीव लालबाजचा.

"ऐकलंस ना मलिक? झालं तर मग," लालबाज म्हणाला आणि खांद्यावरची बंदूक सावरत वळला.

"थांब रे. नुसतं ऐकून जाऊ नको, बघून जा."

उस्तादनं रिकाम्या काडतुसाला बार काढणारी नवी टोपी बसवली, पिस्तुलाच्या चक्रीत घातलं. चापाला बोटही न लावता मिटल्या घोड्यावर लाकडी हातोडी मारली.

फट्.

उस्तादनं दुसरी टोपी लावली, पुन्हा मारली. पुन्हा फट्.

मलिकनं कमरेचं विलायती पिस्तूल काढून गोळ्या बाहेर ओतल्या. "ह्याच्यावर मार."

उस्तादनं त्यात टोपीचं काडतूस घालून तीनदा मारली. आवाज नाही.

मग त्यानं दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी खोलली. विलायतीत एक पट्टी होती, नखाएवढी. चाप ओढला की ती खाली सरकायची, सोडला की वर येऊन घोडा आणि गोळीच्या मध्ये उभी राहायची. उस्तादच्या पिस्तुलात त्या जागी नुसती खाच. नितळ, सुबक, रिकामी.

"पट्टी कुठंय?" मलिकनं विचारलं.

"बापानं मला एक जुनं विलायती आणून दिलं होतं. म्हणाला, हुबेहूब कर. त्यात खाच होती, पट्टी नव्हती. कुणीतरी पुसताना हरवली असणार." उस्तादनं खाचेवरनं अंगठा फिरवला. "मला वाटलं, साहेबानं वजन कमी करायला कोरलीय. मीपण कोरत आलो. सगळ्यात जास्त वेळ हिलाच लागतो बघ."

"म्हणजे पोरगा खरं बोलत होता," लालबाज म्हणाला.

"खरं बोलत होता. पंचांना त्याच्या जागी माझं नाव सांग."

लालबाजनं खांद्यावरची बंदूक उतरवली आणि पायरीवर बसला. मग म्हणाला, "उस्ताद, अशी किती पिस्तुलं केलीस?"

उस्ताद बोलायला गेला, तेवढ्यात समोरच्या दुकानापुढं एका गिऱ्हाइकानं नवं पिस्तूल आभाळाकडं धरून उडवून बघितलं. ह्या बाजारात दिवसभर बार होतात, कुणी मान वर करत नाही. मलिकनं केली नाही, लालबाजनं केली नाही.

म्हातारा मात्र उठला आणि अनवाणीच रस्त्यावर धावला.

"कुणाच्या हातचं आहे ते? अरे, कुणाच्या हातचं?"