ताईची तार

व्हायोलिनच्या तारांचे भाव वर्षभरात इतके चढले होते, की दुकानदाराने एकाच तारेची किंमत सांगितल्यावर दोघी बहिणी रिकाम्या हातांनी घरी परतल्या. उद्या वाद्यवृंदासाठी दोघींची निवडचाचणी, सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायचं, आणि मुक्ताची तार आजच तुटलेली.

इरावतीने स्वतःच्या व्हायोलिनची तार उतरवली आणि मुक्ताच्या व्हायोलिनला चढवली.

"ताई, आणि तू?"

"मी पुढच्या वर्षी जाईन गं. मला काय घाई आहे?"

दुसऱ्या दिवशी सभागृहात मुक्ताच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. संचालकांनी इरावतीचं नाव दोनदा पुकारलं. "आल्या नाहीत? अरेरे! वयोमर्यादेमुळे त्यांची ही शेवटचीच संधी होती," ते हळहळले आणि त्यांनी सुरुवातीची खूण केली.

मुक्ताने गज ताईच्या तारेवर टेकवला, पण तो पुढे सरकेना. डोळ्यांपुढची स्वरलिपी पुसट झाली. थोड्या वेळाने तिला उठवून संचालकांनी दुसऱ्या मुलीला बसवलं.

मुक्ता घरी आली तेव्हा इरावती फाटकातच उभी होती. "तार वाजली ना छान?" तिने विचारलं.

"खूप छान वाजली, ताई," म्हणत मुक्ता तिच्या गळ्यात पडून रडू लागली. इरावतीला वाटलं, आनंदानेच रडतेय.