मागची सीट

पावसात रेनकोट घालून, थंडीत उसाच्या ट्रॉल्या चुकवत, उन्हाळ्यात डोक्याला ओढणी गुंडाळून रेश्मा सायकलनं सांगलीच्या हळद कारखान्यात कामाला जायची. घरात असली की सारखं कुणी ना कुणी तिला हाक मारायचं. त्या रस्त्यावर मात्र कुणीच हाक मारत नव्हतं.

फौजेतून रिटायर होऊन आलेल्या नवऱ्यानं, शिवतेजनं, तिची सायकल परस्पर विकून टाकली आणि नवी मोटारसायकल दारात उभी केली.

"लय हाल झालं तुझं. आता रोज मीच सोडणार, मीच आणणार."

त्याचा उजळलेला चेहरा बघून तिला नको म्हणवलं नाही.

कारखान्याच्या गेटवर मैत्रीण म्हणाली, "नशीब काढलंस बाई."

"व्हय," रेश्मा म्हणाली.


जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. मैत्रिणीची सायकल मागून घेतली आणि बंद गेटाच्या आत, आवारातच, भोंगा होईपर्यंत गोल गोल फिरवत राहिली.