मापाची अंगठी

“मुलाला कशाला विचारायचं? लग्न तुम्हाला करायचंय की त्याला?” असं म्हणत सराफानं अंगठ्यांचा ट्रे पुढे सरकवला.

समोरचे काका लाजून लाल झाले. वय सत्तरीला टेकलेलं, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन. वाचनालयात पुस्तकं बांधतो, एवढंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं होतं. बाईचं नाव तर विचारूनही सांगितलं नव्हतं.

“ती तयार आहे हो,” काका म्हणाले. “पण तिचा मुलगा तापट आहे. वडिलांवर त्याचा फार जीव होता. तो नाही म्हणाला तर ती त्याच्या शब्दाबाहेर जायची नाही. मग संपलंच सगळं.”

असल्या गोष्टी सराफाला मनापासून आवडायच्या. दुकान आजोबांपासूनचं, आणि तिथं सोन्यापेक्षा फुकटचे सल्लेच जास्त खपलेले. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

“काका, मुलगा काय कुक्कुलं बाळ आहे? चांगला घोडा झाला असेल. आईनं काय जन्मभर त्याचे डबेच भरायचे? तिला कुणी बोलायला-चालायला नको? वडिलांवर जीव होता म्हणे! मग आईवर नाही का? माझ्याकडे पाठवा त्याला. असा सरळ करतो की बघत राहाल.”

शेजारच्या काउंटरवर त्याची बायको मोती ओवत बसली होती. “स्वतःचा डबा अजून आईच भरते,” ती पुटपुटली. सराफानं तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

काकांनी मोठ्या हिऱ्याच्या अंगठीवर बोट ठेवलं. सराफानं ती सरळ ट्रेमधून उचलून कपाटात टाकली. “ही नको. दिसायला झकास, पण रोजच्या कामात खडा सगळीकडे अडकेल. चार दिवसांत काढून डबीत ठेवतील. साधी पट्टीची घ्या, हातात राहील.” बायकोनं कपाळाला हात लावला. पण तो असाच होता.

“आणि माप?” काकांनी विचारलं.

“तिला विचारू नका, मजा जाते. तिची एखादी अंगठी गुपचूप उचला आणि रुमालात बांधून आणा. माप घ्यायला मला दोन मिनिटं लागतात. या दुकानातली निम्मी लग्नं असल्या चोऱ्यांवरच जमलीयत.”

काका जाताना दारापर्यंत दोनदा मागे वळले.

आठ दिवसांनी ते रुमाल घेऊन आले. सराफ खुशीत होता. “आणलीत ना? भले शाब्बास!” म्हणत त्यानं अंगठी मापाच्या दांड्यावर चढवली. आकडा पाहिला, वहीत लिहिला. मग सवयीनं ती डोळ्यांजवळ धरून आतून फिरवली.

आत एका बाजूला फिकट, कमी कसाच्या सोन्याचा तुकडा जोडलेला होता. जोडही वाकडा. कुठल्या गाढवानं केलंय हे काम, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

ते काम त्याचंच होतं. सोळाव्या वर्षी वडिलांनी पहिल्यांदा त्याच्या हातात काम दिलं, ते आईच्या अंगठीचं माप वाढवायचं. त्यानं घाईत भलत्याच कसाचा तुकडा लावला. वडिलांनी तोंडाला येईल ते सुनावलं होतं. आईनं मात्र ती अंगठी पुन्हा करू दिली नाही. तेव्हापासून ती तिच्या बोटातून निघाली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हाही नाही.

आई रोज संध्याकाळी वाचनालयात जायची. वर्षभर जात होती. घरी पुस्तक मात्र महिना-महिना एकच असायचं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“ही तुम्ही चोरलीत?” त्याचा आवाज चिरकला.

बायकोच्या हातातला दोरा सुटला. मोती फरशीवर टपटप पडले. कुणीच ते उचलायला वाकलं नाही.

“नाही,” काका म्हणाले. “घट्ट बसली होती. साबण लावून तिनंच काढून दिली आज सकाळी. अर्धा तास लागला.”

सराफाला वडिलांची आठवण आली आणि रडूच फुटेल असं वाटलं. मग त्याला भयंकर राग आला. या म्हाताऱ्याला कॉलर धरून बाहेर काढावं असंही वाटलं. पण आठ दिवसांपूर्वी आपण काय काय बोललो ते सगळं एकदम आठवलं, आणि हात काउंटरवरच राहिले.

“तिचा मुलगा कोण, ते तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग तोंड का नाही उघडलंत? माझ्या दुकानात बसून, माझ्याच तोंडून हे सगळं वदवून घेतलंत? लाज नाही वाटली?”

“वाटली. झोप लागली नाही त्या रात्री.” काकांनी मान खाली घातली नाही. “मी तिला नको म्हणत होतो. पण तिनंच पाठवलं मला. म्हणाली, ‘आईसाठी म्हणून विचारलंत तर तो नाहीच म्हणेल. कुणाचं नाव घेऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा. गिऱ्हाइकाशी तो कधी खोटं बोलत नाही.’”