बापाच्या नावापुढे

कासिमिरोच्या मुलीला, नेलिदाला विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि तिच्या आईने त्या आनंदात चुलीमागे खाण्यासाठी पाळलेले सगळे गिनीपिग एकाच दुपारी भाजले, ते १९९६ साल. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच विद्यापीठातल्या कार्यालयाच्या बाईसाहेब, दोन्या एर्मिनिया, यांनी शिपाई कासिमिरोला आत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"बसा, कासिमिरो."

चौदा वर्षांत त्या खोलीत तो कधी बसला नव्हता. आताही बसला नाही. टोपी हातात धरून उभा राहिला.

विद्यार्थी-कल्याण कार्यालय अंगणाच्या एका टोकाला होतं आणि दप्तरखाना दुसऱ्या. मधलं अंगण ओलांडून फायली नेणं हे कासिमिरोचं काम. साध्या फायली कोणीही नेई. पिवळ्या मात्र त्यानेच न्यायच्या. कोणाला क्षय आहे, कोणाचा भाऊ तुरुंगात आहे, कोण लग्नाआधी बाळंत झाली, ते सगळं पिवळ्या फायलींत असे. आधीच्या साहेबांपासूनचा दंडक होता: पिवळी फाईल निरक्षर माणसाच्याच हाती द्यायची. ज्याला वाचता येत नाही, तो फोडणार काय?

कासिमिरोला फक्त स्वतःचं नाव वाचता येत होतं. पगारपत्रकावर अंगठा उठवायची त्याला लाज वाटे, म्हणून दुसरीतल्या नेलिदाने मक्याचे दाणे मांडून त्याला ते शिकवलं होतं. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या चार अक्षरांचं बोट धरून तो पुढे गेला होता. शेवयांच्या पुड्यांवरून, बसच्या पाट्यांवरून, फायलींच्या पाठीवरून. पाच वर्षं लागली. पन्नाशीला टेकला तेव्हा त्याला सगळं वाचता येत होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर पिवळ्या फायली गेल्या असत्या, त्यांच्यामागे नोकरी, आणि नोकरीमागे नेलिदाचं शिक्षण.

फायलीची दोरी मात्र त्याने कधी सोडली नाही. वाचता येणं वेगळं आणि दुसऱ्याचं वाचणं वेगळं, असं तो मनाशी म्हणे.

टंकलेखक रोलांदो रोज सकाळी त्याच्यापुढे वर्तमानपत्र धरायचा, तेही मुद्दाम उलटं.

"काय म्हणतोय पेपर आज, कासिमिरो?"

"म्हणतोय, रोलांदोचं कालचं काम अजून तसंच पडलंय."

सगळे हसायचे. त्या आठवड्यात मात्र कोणी हसत नव्हतं. वकिलीच्या वर्गातल्या एका मुलीचा क्षय पिवळ्या फायलीतून निघून खानावळीत पोचला होता. वसतिगृहातल्या मुलींनी तिची गादी जिन्यात टाकली. पोर रडत गावी निघून गेली, ती परत आली नाही.

"फाईल तीन हातांतून जाते," दोन्या म्हणाल्या. "माझ्या, रोलांदोच्या आणि तुमच्या. लोक म्हणतात, तुम्हाला वाचता येतं."

"लोक तर असंही म्हणतात, की अंगण झाडताना मी देवाशी भांडतो."

दोन्या हसल्या नाहीत. त्यांनी खणातून एक पिवळी फाईल काढली, दोरी सोडली आणि एक पान त्याच्यासमोर धरलं. आतलं पान तो पहिल्यांदाच बघत होता. अक्षर गोल होतं, जरा उजवीकडे कललेलं. दोन्यांनी एका रकान्याखाली बोट ठेवलं. त्यांचे डोळे पानावर नव्हते, त्याच्या चेहऱ्यावर होते.

"काय लिहिलंय इथे?"

"हे माझं नाव," कासिमिरो म्हणाला. "तेवढं येतं मला. म्हणजे हा आमच्या नेलिदाचा कागद?"

"आणि नावापुढे?"

"पुढे काहीतरी आहे खरं. मुंगी चिरडल्यासारखं." त्याने मान वर केली. "काय आहे ते, दोन्या?"

 दोन्यांनी पान आपल्याकडे वळवलं.

"लिहिलंय की... वडील याच विद्यापीठात नोकरीला आहेत. फार विश्वासाचा माणूस."

"एवढ्याशा शब्दात एवढं सगळं?"

"ऑफिसच्या कागदावर थोडक्यातच लिहितात."

"बरं लिहितात," कासिमिरो म्हणाला.

दोन्यांनी फाईल बांधली आणि त्याच्याच हाती दिली. त्याने ती अंगण ओलांडून दप्तरखान्यात नेऊन ठेवली. पुढे महिन्याभरात उलगडा झाला. रोलांदोने आपल्या होणाऱ्या बायकोला सांगितलं होतं, आणि तिची बहीण खानावळीत वाढायला होती. रोलांदोची नोकरी गेली. कासिमिरोच्या वाटेला पुन्हा कोणी गेलं नाही.

पण त्या संध्याकाळी हे काही कळलेलं नव्हतं. तो घरी आला तेव्हा नेलिदा सूप पीत बसली होती. ती विद्यापीठात मागच्या दाराने जाई. तिकडून जवळ पडतं, म्हणायची. अंगणात दोघांची गाठ कधी पडत नसे.

"ताता, आज उशीर?"

"दोन्यांनी थांबवलं. तुझा कागद दाखवला."

नेलिदाचा चमचा वाडग्यातच राहिला. "कुठला कागद?"

"मला काय कळतंय कुठला! त्यांनीच वाचून दाखवला. माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलंयस म्हणे." त्याने एक बटाटा सोलून तिच्या वाडग्यात टाकला. "सूप निवतंय. खा."

कासिमिरो वाल्पा २०१४ सालच्या ऑगस्टात, एका मंगळवारी वारला. तेव्हा न्यायाधीश झालेली नेलिदा त्याच्या उशाशी बसली होती. पण दप्तरखान्यातल्या त्या पिवळ्या फायलीत, बापाच्या नावापुढे, तिने १९९६ सालीच एक शब्द लिहून ठेवला होता: मयत.