जाळीमागचा पंखा

"कुत्रं पाळलंय का, काका?" मागच्या सीटशेजारची जाळी खोलत फैयाज मेकॅनिकने विचारलं.

"नाही."

आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी माझी चौदा वर्षांची हायब्रिड गाडी भंगारात काढायला सांगितली होती. मोठी बॅटरी गेली म्हणे! मी हट्टाने इथे आणली.

"बॅटरी ठणठणीत आहे. तिला गार ठेवणारा पंखा चोंदलाय. गाडीतली हवा ओढतो ना, त्यासोबत हे पण." त्याने केसांचा बोळा बाहेर काढला. लांब, मेंदीने लाल झालेले केस.

केमोसाठी साताऱ्याहून पुण्याला जाताना माझी बायको, शैलजा, मागे उशी घेऊन आडवी व्हायची. उतरण्याआधी सीट स्वतः झाडायची. मला एक केस दिसू दिला नाही तिने. दोन वर्षांपूर्वी गेली, तोवर.

फैयाज हात धुवायला वळला, तसा मी तो बोळा खिशात घातला.

"झालं काका, अजून पाच वर्षं बघायला नको," तो परत येत म्हणाला. "फक्त मागे बसणाऱ्यांना सांगून ठेवा, या जाळीपाशी उशी ठेवायची नाही."

"सांगतो," मी म्हणालो.