मामाची टोपी

आमच्या मादागास्करात मुलगी मागायला आलेल्यांना तिचा मामा भाषणानं झुलवत ठेवतो. पण भाषण मध्येच तुटलं, तर मुलगी द्यावीच लागते.

तोम्बोमामा ऊन डोक्यावर आलं तरी आटपेना. नवरदेव रडकुंडीला आला. इतक्यात झावळ्यांच्या छपरातून लाल ठिपक्यांची पोपटी पाल मामाच्या टोपीवर उतरली. टोपीची कड चाटत चाटत खाली आली आणि तिनं मामाचं नाकच चाटलं.

"आई गं! काढा हिला!"

"तुटलं! मुलगी आमची!" पाहुणे ओरडले.

मामा करवादला, "एवढी केळीची बाग सोडून ही मेली माझ्याच टोपीवर कशी?"

भाची सोआ मान खाली घालून बसली होती. बोटांना लागलेला मध हळूच चाटत.