कोरी जागा

धाकटीने नकाशा टेबलावर पसरला आणि कोपरे वळू नयेत म्हणून त्यांवर चार कप उपडे घातले. नकाशा त्याच दिवशी काढलेला होता. रागाच्या भरात काढला होता, पण हात कुठे हलला नव्हता. एरवी तिचे नकाशे कुठल्या कुठल्या देशांतली माणसं इंटरनेटवरून फुकटात उतरवून घेत आणि त्यांवर आपापले फाशांचे साहसी खेळ मांडत. हा मात्र तिने खास घरच्यांसाठी काढला होता.

राग दादावर होता. सकाळी त्याने फोनवर सुनावलं होतं, "आई रात्री दोनदा पडली. रात्रीची बाई ठेवायची तर तिला पाठ टेकायला जागा हवी. घरात जागा नाही असं तूच म्हणतेस. मग सोमवारी मी आईला वृद्धाश्रमात नेतो." आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळी मात्र वहिनीला घेऊन वेळेवर हजर. शनिवारचा खेळ या घरात कधी चुकला नव्हता. भांडण भांडणाच्या जागी. चौथा गडी शेजारचा दातांचा डॉक्टर. त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तळघरात उतरलात," धाकटी म्हणाली. खेळ नेहमी तीच चालवायची. तिने मांडलेल्या जगात बाकीचे तिघे शिरायचे. दादा योद्धा, वहिनी चोर, डॉक्टर मांत्रिक. "पुढे बोळ आहे. डावीकडे विझलेली चूल. समोरच्या खोलीतून टकटक ऐकू येतेय."

"कसली?" डॉक्टरने विचारलं.

"चमच्याची. पेल्यावर."

वहिनीची सोंगटी हातातच राहिली. आतल्या खोलीत आईच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असतो. हाक मारायचं त्राण नाही, म्हणून ती तो वाजवते. तळघर म्हणजे हेच घर होतं, फक्त आडवं फिरवून काढलेलं. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो नकाशाच बघत होता.

"त्या खोलीत कोण आहे?" दादाने विचारलं.

"एक म्हातारी. तिला उठता येत नाही. खोली हवी असेल तर आधी तिला फरफटत बाहेर काढावं लागेल. काढणार ना? योद्धा आहेस तू."

"आज ताई जहरी मूडमध्ये आहेत," डॉक्टर म्हणाला. एकटाच हसला.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "लेकी बोले सुने लागे, असं ऐकलं होतं. तुमच्याकडे लेकच बोलायला बसलीय."

"लागलं का? बरं झालं."

सकाळपासून पहिल्यांदाच धाकटीला जरा बरं वाटलं. लागायलाच हवं होतं. आईचं सगळं आपण करायचं, आणि शनिवारी येऊन निकाल यांनी द्यायचा.

दादाने कप बाजूला केले, नकाशा काटकोनात फिरवून आपल्याकडे सरळ केला आणि पुन्हा कप ठेवले. मग सावकाश बोट फिरवत निघाला.

"बोळ बरोबर. स्वयंपाकघर बरोबर. मोरीसुद्धा बरोबर काढलीयस." बोट बोळाच्या पलीकडे जाऊन थांबलं. "आणि हे काय आहे, चिमे?"

"काही नाही. खडक आहे."

"एवढा मोठा?" डॉक्टर पुढे झुकला. "अहो, नकाशात मोठी जागा कोरी दिसली की तिथेच काहीतरी दडलेलं असतं. ताईंनीच शिकवलंय आपल्याला."

शिकवलं होतंच. जो कोणी नकाशा कसा काढायचा विचारे, त्याला ती आधी हेच सांगायची, मोठी जागा कोरी सोडू नका, खेळणारे पहिलं नख तिथेच लावतात. आणि आज तिनेच सोडली होती. मुद्दाम नव्हे. हात आपसूक त्या खोलीला वळसा घालून पुढे गेला होता.

"म्हातारीचं नंतर बघू," दादा म्हणाला. "मी ही भिंत ठोकून बघतो. चोरदरवाजा शोधतोय."

"उगाच वेळ घालवू नकोस."

"फासा टाकू की नको, ते सांग."

तिने खांदे उडवले. वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळला, कपाला आपटला आणि थांबला. वीस. याहून मोठं दान नाही. फासा उघड्यावर पडला की खेळ चालवणाऱ्याने उत्तर टाळायचं नाही, हा नियमही धाकटीचाच.

"दार आहे," ती म्हणाली.

"उघडतो. आत काय आहे?"

खरं दार तिच्या पाठीमागेच होतं, नुसतं लोटलेलं. आत तिचं भलंमोठं टेबल, दिवा, शाईच्या बाटल्या, कागदांच्या गुंडाळ्या आणि भिंतभर नकाशे. घरातली सगळ्यात मोठी खोली, सगळ्यात उजेडाची. हे खेळायला बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तिच्या तोंडून टेबलाचा ट निघाला असता तरी दादाने ते आजच बाहेर काढायला लावलं असतं.

आईच्या खोलीतून पेल्यावर चमचा वाजला. कोणी उठलं नाही.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "रिकामी आहे."

दादाने आपली सोंगटी उचलली आणि कोऱ्या जागेच्या मधोमध ठेवली.

"मग उद्यापासून रात्रीची बाई तिथेच झोपेल," तो म्हणाला, आणि आईला काय हवंय ते बघायला उठला.